दादा, फोटो बसेना!

स्वारगेटच्या एसटी स्टँडजवळ एका गल्लीत माझं दुकान आहे. फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म. सोलापूर, सांगली, सातारा, बार्शीकडून येणारी गाडी स्टँडवर रिकामी झाली की त्यातली निम्मी पोरं पाठीला सॅक लावून टिळक रोडने सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांकडे निघतात. भरतीची जाहिरात निघाली की तीच पोरं उलट्या दिशेने माझ्याकडे येतात. सप्टेंबर २०२४मध्ये इथे भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हापासून थेट शिवाजीनगरकडचीही येऊ लागलीत. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच: "दादा, फोटो बसेना."

फोटो चांगला असतो. पोरगं नीट उभं राहिलेलं असतं, केस विंचरलेले असतात. अडतं ते मापाशी. या कामात जे हाताला लागलं ते लिहून काढतोय. बँक, रेल्वे, पोलीस भरती, व्हिसा, कशासाठीही फोटो कापायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

१. माप एक नसतं, तीन असतात

"साईज काय आहे?" असं विचारलं की कोणी "पासपोर्ट" म्हणतं, कोणी "५० केबी" म्हणतं, कोणी "दोनशे बाय दोनशेतीस". तिघंही बरोबर असतात आणि तिघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. पहिलं माप आकाराचं, म्हणजे उंची रुंदीच्या किती पट. दुसरं पिक्सेलचं, म्हणजे चित्रात आडवे-उभे ठिपके किती. तिसरं वजनाचं, म्हणजे फाईल किती केबीची.

याच क्रमाने काम करायचं. आधी आकारात कापायचं, मग पिक्सेल कमी करायचे, शेवटी केबी. पोरं नेमकं उलटं करून येतात. मोबाईलवरचा चार हजार बाय तीन हजारचा छान फोटो कुठल्यातरी अ‍ॅपमधून आधी "५० केबी" करतात आणि मग त्यातला चेहरा कापतात. तोवर चेहऱ्याच्या जागी चौकटी-चौकटी झालेल्या असतात. गेलेले ठिपके परत आणता येत नाहीत. अशा वेळी मी सरळ सांगतो, मूळ फोटो आण. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असशील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो म्हणून पाठवलास तर वाटेतच बारीक होऊन येतो.

२. फोटो कापायचा, ताणायचा नाही

माझ्या दुकानातली निम्मी दुरुस्ती याच एका गोष्टीची असते, म्हणून इथे जरा थांबतो.

आयबीपीएसची, म्हणजे बँकांच्या परीक्षेची जाहिरात घ्या. फोटो ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचा हवा असं त्यात असतं, आणि स्कॅन करताना तो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी असावा असंही असतं. आता गणित करा. ३.५ला ४.५ने भागलं तर ०.७८ येतं. २००ला २३०ने भागलं तर ०.८७. हे दोन आकार एक नाहीत! पासपोर्ट फोटो उभट आहे, फॉर्ममधली चौकट त्याहून बसकी आहे.

पोरगं काय करतं? पासपोर्ट साईजची फाईल उघडतं, रिसाईझमध्ये रुंदी २००, उंची २३० टाकतं आणि प्रमाण राखायच्या खुणेवरची टिक काढतं, कारण ती असेपर्यंत दोन्ही आकडे बसतच नाहीत. फोटो बसतो. फक्त त्यातला माणूस जवळजवळ १२ टक्क्यांनी रुंद होतो. गाल सुटतात, मान आखूड होते. "दादा, मी असा दिसतो का हो?" असं विचारणारे भाग्यवान. बाकीच्यांचा तो तसाच फोटो हॉल तिकिटावर छापून येतो आणि परीक्षा केंद्रावरचा माणूस एकदा कागदाकडे, एकदा तोंडाकडे बघत बसतो.

बरोबर पद्धत साध्या पेंटमध्येही जमते. फोटो पासपोर्टच्या आकारात आधीच कापलेला आहे, म्हणून इथे पिक्सेल आधी. प्रमाण राखायची टिक तशीच ठेवा आणि रुंदी २०० करा. पासपोर्ट फोटोची उंची आपोआप २५७ होते. हवी २३०. म्हणजे २७ पिक्सेल जास्त आहेत, ते कापायचे. कुठून? खालून, शर्टाच्या बाजूने. डोक्यावरची मोकळी जागा आधीच बेताची असते. तिथून कापलं तर केस चौकटीला टेकतात आणि माणूस खिडकीतून डोकावल्यासारखा दिसतो. शर्टाचं एक बटण गेलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

३. आकड्यापुढे एकक लिहा

फोटोशॉपमध्ये सी दाबलं की क्रॉपचं हत्यार हातात येतं आणि वरच्या पट्टीत रुंदी, उंची, रिझोल्यूशन अशा चौकटी दिसतात. तिथे नुसतं ३.५ लिहू नका. "३.५ सीएम" असं एककासकट लिहा. नाहीतर आधीच्या माणसाने पट्टी इंचांवर ठेवलेली असेल तर साडेतीन इंच होतात, पिक्सेलवर असेल तर काय होईल ते बोलायलाच नको. "३५ बाय ४५" हे मिलिमीटरमधलं माप वाचून तेच आकडे सेंटिमीटरच्या चौकटीत टाकणारेही येतात. ३०० रिझोल्यूशनला त्याची ४,१३४ बाय ५,३१५ पिक्सेलची फाईल होते. तेवढ्यात भिंतीवरचं पोस्टर निघेल.

दुसरं म्हणजे त्या चौकटींतले आकडे काम झाल्यावर पुसले जात नाहीत. सकाळी पासपोर्ट कापला, दुपारी कोणाचा लग्नाचा फोटो कापायला घेतला, तर तोही मुकाट साडेतीन-साडेचार होतो. क्लिअर दाबायची सवय हाताला लागलेली बरी.

आमच्या धंद्यात अजून बरेच जण २००२चं फोटोशॉप सात वापरतात. जुनं, हलकं, कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणारं. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. २०१२च्या सीएस सिक्सपासून क्रॉप बदललं. आता चौकट जागेवर राहते आणि फोटो तिच्याखाली सरकतो. पहिले काही दिवस हात उलटाच जातो. पण त्यात कापलेला भाग पुसायचा की मागे लपवून ठेवायचा हे ठरवता येतं. लपवून ठेवा. गिऱ्हाईक "थोडं वर घ्या ना" म्हणणारच असतं.

४. डीपीआयला घाबरू नका

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके छापायचे एवढंच. कागदाचं माप माहीत असेल तरच त्याला अर्थ. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर ३०० डीपीआयला म्हणजे ४१३ बाय ५३१ पिक्सेल. हे दोन आकडे पाठच करून टाका. फॉर्मने पिक्सेल सांगितले असतील तर डीपीआयच्या चौकटीत ७२ असो की ३००, चित्र तेच.

५. चेहरा किती मोठा, हेही मापच आहे

मुकुंदनगर, सहकारनगर या बाजूची बरीच मंडळी नातवंडांना भेटायला परदेशी निघतात. काका-काकू दोघं एकदम येतात. काकूंचा फोटो पहिल्यांदा कधीच पसंत पडत नाही, आणि काकांना "आहे तो द्या की" ही घाई.

अमेरिकेचा व्हिसा २ बाय २ इंच मागतो, चौकोनी. फाईल ६०० बाय ६०० ते १२०० बाय १२०० पिक्सेल, २४० केबीच्या आत. हे सगळं जमवूनही फोटो परत येऊ शकतो, कारण हनुवटीपासून टाळूपर्यंतचं डोकं फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्क्यांत असावं लागतं. युरोपचा शेंगेन व्हिसा ३५ बाय ४५ मिलिमीटर मागतो आणि त्यात चेहरा ७० ते ८० टक्के हवा. म्हणजे एकाच वेळी काढलेल्या एकाच फोटोतून दोन कापणी करायची. एकीकडे माणूस दूर, दुसरीकडे जवळ. "युरोपला दिला होता तोच लावा" असं काका म्हणतात तेव्हा मी मोजपट्टी काढून दाखवतो. चष्मा मात्र उतरवायला लावतो; अमेरिकेने नोव्हेंबर २०१६पासून व्हिसाच्या फोटोत चष्मा बंद केलाय. जन्मभर चष्मा लावलेल्या माणसाला तो काढला की आपलाच चेहरा परका वाटतो, तेवढा वेळ थांबावं लागतं.

यातून एक सवय लागली. फोटो काढतानाच डोक्याच्या वर आणि दोन्ही खांद्यांच्या बाहेर भरपूर जागा सोडायची. जास्तीची जागा नंतर कापता येते. नसलेली जागा आणायची तर बॅकग्राउंड रंगवत बसावं लागतं, आणि केसांच्या कडेला ते लगेच कळतं.

६. सही ही फोटोहून अवघड

फोटोत माणूस जागेवर बसलेला असतो. सही मात्र पळते. कोणाची वहीभर लांब, खाली दोन रेघा आणि टोकाला टिंब. कोणाची उभी, डोंगरासारखी. आणि आयबीपीएसच्या फॉर्ममधली चौकट १४० बाय ६० पिक्सेल, म्हणजे सात-तीनच्या प्रमाणात.

मी पांढऱ्या कागदावर ७ बाय ३ सेंटिमीटरच्या फिकट चौकटी छापूनच ठेवल्यात. कागद पुढे सरकवायचा, जाडसर काळा जेल पेन द्यायचा आणि सांगायचं, "या चौकटीत तीनदा कर, बँकेत करतोस तशीच." पहिली सही आखडलेली येते, कारण पोरगं चौकटीकडे बघत असतं. तिसरी बहुतेक खरी असते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत केलेली सही आयबीपीएस घेत नाही, ते जाहिरातीत छापलेलं असतं, तरी रोज कोणीतरी करतंच.

पेन जाडसर का, तर २०० डीपीआयला स्कॅन केलं की ७ सेंटिमीटरचे साधारण ५५० पिक्सेल होतात आणि ते १४०वर आणायचे असतात. चौथा हिस्सा. अर्ध्या मिलिमीटरची रेघ स्कॅनमध्ये चार पिक्सेलची, १४०वर आणल्यावर एक पिक्सेलची उरते. बारीक बॉलपेनची रेघ तर अशी विरते की सहीच्या जागी माशी चालून गेल्याची खूण वाटावी. मोबाईलने सहीचा फोटो काढला असेल तर कागदावर हाताची सावली पडलेली असते. फोटोशॉपात लेव्हल्स उघडा, पांढरा ड्रॉपर घेऊन कागदावर टिचकी मारा, राखाडी कागद पांढरा होतो. मग कापा. आधी कापून मग पांढरं करायला गेलात तर कडेला सावलीची पट्टी राहते.

त्याच फॉर्ममध्ये डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०, हाताने लिहिलेलं डिक्लेरेशन ८०० बाय ४००. २०० डीपीआयने मोजून पाहा, ३ बाय ३ आणि १० बाय ५ सेंटिमीटरच्या जवळ जातात. म्हणजे कागदावर तेवढीच जागा आखून घेतली की स्कॅन झाल्यावर फारसं काही करावंच लागत नाही.

७. कमीतकमी केबीही बघा

जास्तीच्या मर्यादेकडे सगळ्यांचं लक्ष असतं. सहीला १० ते २० केबी मागतात, आणि १४० बाय ६० पिक्सेलची पांढरीधोप जेपीईजी बऱ्याचदा १०च्याही खाली जाते. मग फॉर्म म्हणतो फाईल लहान आहे, आणि पोरगं म्हणतं, "दादा, अजून लहान कशी करू?"

अशा वेळी फोटोशॉपात क्वालिटी पूर्ण १२वर न्यायची आणि सेव्ह फॉर वेब न वापरता साधं सेव्ह अ‍ॅज करायचं. सेव्ह फॉर वेब फाईलमधली जास्तीची माहिती काढून टाकतं. सेव्ह अ‍ॅज ती ठेवतं, तेवढं वजन वाढतं. पिक्सेलच्या आकड्यापुढे "प्रेफर्ड" लिहिलं असेल तर २८० बाय १२० करूनही भागतं, आकार तोच राहतो.

फोटोचं उलट असतं. चौकडीचा शर्ट घातलेला पोरगा साध्या शर्टवाल्यापेक्षा जड भरतो. साधी भिंत, साधा शर्ट म्हणजे जेपीईजीला लपवायला सोपं. आणि केबी बघताना प्रॉपर्टीजमधला साईज बघा, साईज ऑन डिस्क नव्हे. तो आकडा नेहमी फुगीर असतो आणि पोरं विनाकारण फोटो अजून चुरगाळत बसतात.

आयफोनवाल्यांसाठी वेगळं: २०१७पासून त्यात फोटो एचईआयसी म्हणून साठवले जातात. नाव बदलून पुढे जेपीजी लिहिलं म्हणून फाईल जेपीजी होत नाही. उघडून, सेव्ह अ‍ॅज.

८. तान्ह्या बाळाचा फोटो

मोठ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. ज्याच्या नावाने अख्ख्या जगाने "पासपोर्ट साईज" धरलाय तो फोटो पासपोर्टलाच बाहेरून काढावा लागत नाही, ही गंमत आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलांचा मात्र न्यावा लागतो, पांढऱ्या बॅकग्राउंडचा. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवायचं, वरून काढायचा. आईचा हात, टोपी, काजळाची तीट आधी काढून घ्यायची. तीट काढताना आजी नाराज होतात, मग फोटो झाला की लगेच परत लावायची परवानगी द्यावी लागते. वरून काढलेला फोटो थोडा तिरका येतोच. आधी फिरवून डोळे एका रेषेत आणा, मग कापा. उलट केलंत तर कोपरे रिकामे राहतात.

९. छापताना प्रिंटर आपलं डोकं चालवतो

४ बाय ६ इंचांचा कागद म्हणजे १०१.६ बाय १५२.४ मिलिमीटर. त्यात ३५ रुंदीचे चार आणि ४५ उंचीचे दोन, असे आठ फोटो बसतात. लांबीत साधारण १२ मिलिमीटर उरतात, ते पाच फटींत वाटायचे, अडीच-अडीच. एवढी फट असली की कटर नीट चालतो. फोटोभोवती एक पिक्सेलची राखाडी रेघ द्या, नाहीतर पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो कुठे संपला तेच कळत नाही.

सगळं बरोबर करून बॉर्डरलेसवर टिक राहिली तर कागदाच्या कडेला पांढरं उरू नये म्हणून प्रिंटर चित्र किंचित मोठं करतो. ३५चे ३६ होतात. फॉर्मवर चिकटवायला चालतं, व्हिसाला चालत नाही. एकदा पट्टी लावून मोजाच.

१०. ग्रुप फोटोतले आबा

"परवा दहावा आहे, आबांचा एकट्याचा फोटोच नाही. यातून काढून द्या." हातात लग्नातला ग्रुप फोटो, तीस माणसं, मधल्या रांगेत फेटा बांधलेले आबा. चेहरा जेमतेम आठ मिलिमीटरचा. ६०० डीपीआयला स्कॅन केला तरी त्याचे १८९ पिक्सेल होतात. मागणी १२ बाय १८च्या फ्रेमची.

इथे हो म्हणणं सोपं आहे. मी ५ बाय ७ची फ्रेम सुचवतो, त्यात चेहरा दीड इंचाचा, म्हणजे इंचाला १२६ ठिपके पडतात. दोन हात लांबून बघितलं की बरा दिसतो. मोठ्या फ्रेमचाच आग्रह असेल तर आबांना मोठं करण्याऐवजी भोवतालची जागा वाढवतो. हल्ली एआयने वाढवून आणतात. फोटो धारदार होतो, भुवईचा केसन् केस दिसतो, पण आबांची मुलगी दोन क्षण बघते आणि म्हणते, "हे आमचे आबा नाहीत."

शेजारच्याचा हात आबांच्या खांद्यावर असेल तर तो पुसायला सांगतात. मी विचारतो, कोणाचा आहे. धाकट्या भावाचा असेल तर घरचे स्वतःच "राहू द्या" म्हणतात.

११. कापलेली फाईल निराळ्या नावाने

मूळ फोटो तसाच ठेवा. आज २०० बाय २३०, पुढच्या महिन्यात दुसऱ्या जाहिरातीत आणखी काही. फाईलचं नाव इंग्रजीत, मधे जागा न सोडता. काही पोर्टलना नावातली साधी कंसाची खूणसुद्धा खपत नाही. आणि मोबाईलवर उभा दिसणारा फोटो अपलोड झाल्यावर आडवा पडत असेल तर फोनने तो खरं तर आडवाच साठवलाय, "उभा दाखव" अशी चिठ्ठी सोबत जोडून. कॉम्प्युटरवर उघडून परत सेव्ह केला की उभा राहतो.

१२. आता कात्री आपल्या हातात नसते

२०२४पासून स्टाफ सिलेक्शन कमिशनने अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर फोटो घ्यायला सुरुवात केली. फाईल निवडायची सोयच नाही. क्रॉप नाही, लेव्हल्स नाही, काही नाही. पोरं येऊन विचारतात, "आता काय करायचं दादा?"

करायचं तेच, फक्त आधी. चौकटीत डोकं किती भरतंय ते खुर्ची मागे-पुढे करून ठरवायचं. फोन हातात उंच धरायचा नाही, डोळ्यांच्या पातळीला टेकवून ठेवायचा. ट्यूबलाईट पाठीमागे असेल तर तोंड काळं पडतं, समोर घ्यायची. मी दुकानाची आतली एक भिंत पांढरी करून घेतली आणि तिच्यापुढे जमिनीवर खुर्चीसाठी पट्टी मारली. पोरं येतात, पट्टीवर खुर्ची ठेवतात, आपापल्या फोनवर फोटो देऊन फॉर्म भरतात. भिंतीचे पैसे मी घेत नाही. प्रिंट मात्र इथेच काढा म्हणतो.